डोंगर तर फुकटच होता

चिनी कंपन्या परदेशात रस्त्यांची, पुलांची सगळी कामं कशी पळवतात, यावर कुणी तोंड उघडलं की मी हल्ली उठून स्वयंपाकघरात जाते. परवा ह्यांच्या बँकेतली दोन जोडपी जेवायला आली होती. भात संपेपर्यंत विषय तिथं पोचलाच. एक म्हणाले, त्यांचं सरकार पैसा पुरवतं. दुसरे म्हणाले, ते कैद्यांना आणून राबवतात. मग कुणीतरी शेवटचा शब्द टाकल्यासारखं म्हणालं, अहो, लाच देतात, दुसरं काय! मी ताक आणायला म्हणून आत गेले आणि पाच मिनिटं ओट्याला टेकून उभी राहिले. बर्डे दीदी असत्या तर हात धुता धुता म्हणाल्या असत्या, "अन् तेव्हा आपण काय करून राहिलो होतो? ते तर सांगा."

हा प्रश्न त्यांनी आमच्या ऑफिसात इतक्या वेळा विचारला की शेवटी लोकांना तो ऐकूच येईनासा झाला.

सुनंदा बर्डे जबलपूरच्याच, गढ्याच्या. वडील तोफांच्या कारखान्यात होते. ह्यांची बदली जबलपूरला झाली तेव्हा मी तिथल्या एका ठेकेदार कंपनीच्या टेंडर विभागात लागले. माझं काम कागद लावायचं. कंपनी मध्य प्रदेशात रस्ते बांधायची आणि काही वर्षांपासून आफ्रिकेतल्या कामांसाठी टेंडरं भरायला लागली होती. दीदी तिथं मटेरियल इंजिनिअर होत्या. म्हणजे रस्त्याला लागणारा दगड, मुरूम, माती कशी आहे आणि ती कुठून आणायची, हे त्या सांगायच्या. माझं टेबल त्यांच्या टेबलाला लागून होतं.

पहिल्याच दिवशी त्यांनी ड्रॉवरमधून दोन दगड काढून माझ्यापुढे ठेवले. "यातला एक जिभेला लाव."

मी लावला. नवी नोकरी, काय करणार!

"चिकटला?"

"हो."

"म्हणजे तो पाणी पिते. रस्त्यात घातला तर दोन पावसाळ्यांत त्याचा भुसा होते." मग त्या पोट धरून हसल्या. "आतापर्यंत सहा जणांना सांगितलं. चाटला फक्त तू."

ठेंगणी, काटकुळी बाई. साडी घोट्याच्या वर खोचलेली, आणि पर्समध्ये एक छोटी हातोडी. त्या हातोडीपायी विमानतळापासून मॉलपर्यंत सगळीकडे त्यांची झडती व्हायची आणि प्रत्येक वेळी त्या तितक्याच चकित व्हायच्या. "मारून राहिली का मी कोणाला?"

एकदा मला साडी घ्यायची होती म्हणून आम्ही कमानिया गेटला गेलो. तिथं रस्त्याचं काम चाललं होतं आणि कडेला गिट्टीचा ढीग होता. दीदी दुकानाच्या पायरीवरून परत फिरल्या, ढिगाशी उकिडव्या बसल्या आणि दोन खडे एकमेकांवर आपटून कानाशी धरून ऐकायला लागल्या. ठेकेदाराचा मुनीम धावत आला.

"भैया, ये गिट्टी है कि शक्करपारा? हाथ में टूट रही है."

"आंटीजी, आप साड़ी देखिए ना."

त्या ढिगावर बसल्या. अक्षरशः बसल्या, पर्स मांडीवर घेऊन. मागे टेंपो, सायकली, लग्नाच्या खरेदीला आलेल्या बायका, सगळे खोळंबले. मी लाजेनं अर्धमेली. तासाभरानं कुणी साहेब आला, त्यानं खडा हातात घेतला आणि ट्रक परत पाठवायला सांगितला. तिसऱ्या दिवशी आम्ही तिथून गेलो तर तीच गिट्टी रस्त्यावर पसरलेली. दीदी वाकून एक खडा उचलून म्हणाल्या, "या गेटातून गेला, त्या गेटातून आला." त्या दर वेळी जिंकायच्या असं मुळीच नाही. बहुतेक वेळा हरायच्याच.

ऑफिसात त्यांचं एक वाक्य ठरलेलं होतं. "आधी पाय, मग भाव." ज्या जमिनीवर पाय ठेवला नाही तिचा भाव लावायचा नाही. तरुण इंजिनिअर कँटीनमध्ये त्यांची नक्कल करायचे. समोशाचा भाव विचारण्याआधी काउंटरवर पाय ठेवायचे आणि खिदळायचे. दीदी ते पाहायच्या आणि स्वतःही हसायच्या. मला मात्र त्या पोरांच्या कानाखाली वाजवावीशी वाटायची.

आता मालकांविषयी. त्यांना सगळे भैयाजी म्हणत. माणूस वाईट नव्हता हो. शिपायाच्या मुलीच्या फीपासून ड्रायव्हरच्या मोतीबिंदूपर्यंत सगळ्याची चौकशी करायचे. पण टेंडर म्हटलं की त्यांचा शास्त्रार्थ सुरू. पूर्वी टेंडरची फाईल पाटावर ठेवून तिला कुंकू लावत, नारळ फोडत. सगळं ऑनलाइन झाल्यावर कुंकू लॅपटॉपच्या झाकणाला लागायला लागलं. अपलोडचं बटण कधी दाबायचं तो मुहूर्त पंडितजी फोनवरून मिनिटासकट सांगत. आणि हरलेल्या टेंडरची फाईल दुसऱ्या दिवशी माळ्यावर जाई, कारण ती अपशकुनी. ती टेबलावर राहिली तर पुढचं टेंडरही बाटणार! त्यामुळे आपण का हरलो, हे त्या इमारतीत कुणीही, कधीही वाचलं नाही.

एक दीदी सोडून. जेवणाच्या सुट्टीत त्या डबा घेऊन शिडीनं माळ्यावर चढायच्या आणि धुळीत मांडी घालून हरलेल्या फायली वाचायच्या. एका हातात पोळीचा तुकडा, दुसऱ्या हातात नकाशा.

झांबियातल्या एका अठ्ठ्याऐंशी किलोमीटरच्या रस्त्याचं टेंडर आलं तेव्हाची गोष्ट. भाव भरण्याआधी जागा प्रत्यक्ष पाहावी लागते आणि पाहिल्याचा दाखला जोडावा लागतो. आमच्या विभागाचे प्रमुख तिवारीजी आणखी एकाला घेऊन गेले, आठवड्यानं परत आले. सगळ्यांना विमानतळावरची चॉकलेटं वाटली. अहवालात लिहिलं होतं, सर्वांत जवळचा चांगला दगड सत्तर किलोमीटरवर. दगड इतक्या लांबून आणायचा म्हटलं की भाव वाढणारच.

दीदींनी उपग्रहाचा नकाशा उघडला आणि चाळिसाव्या किलोमीटरजवळ बोट ठेवलं.

"तिवारीजी, ये काला-काला क्या है?"

"जंगल होगा, दीदी."

"जंगल इतना काला नहीं होता. पहाड़ है. आप यहाँ गए थे ना?"

तिवारीजींनी चष्मा पुसला. मग हळूहळू बाहेर आलं. ते बाराव्या किलोमीटरपर्यंत गेले होते. तिथून गाडी परत फिरवली. का? तर म्हणे, "रास्ता बहुत ख़राब था."

मी हे माझ्या कानांनी ऐकलं आहे. रस्ता खराब आहे म्हणूनच तर तो बांधायचा होता! आणि तो बांधायचा भाव देणारी माणसं, रस्ता खराब आहे म्हणून तो न पाहताच परत आली होती. मला हसावं की रडावं कळेना. दीदी हसल्याही नाहीत, रडल्याही नाहीत. सरळ भैयाजींच्या केबिनमध्ये गेल्या आणि म्हणाल्या, मला पाठवा, अजून बावीस दिवस आहेत.

"दीदी, आपको जंगल में कहाँ भेजें? लेडीज़ का काम है क्या ये?"

टेंडर हरलो. एका चिनी कंपनीला गेलं. फाईल माळ्यावर.

पाच-सहा महिन्यांनी तिथल्या आमच्या एजंटानं एक व्हिडिओ पाठवला. त्या काळ्या डोंगराच्या पायथ्याशी चिनी कंपनीचा दगड फोडायचा क्रशर धडधडत होता. एजंटानं फोनवर सांगितलं, त्यांची माणसं भाव भरण्याआधी तीन आठवडे तंबू ठोकून राहिली होती आणि सगळा रस्ता पायी चालली होती. गावच्या मुखियाला विचारून त्यांनी दगडही शोधला आणि पाणीही. आणि त्या तुकडीची प्रमुख कोण? तर एक बाई. डोक्यावर गवताची टोपी, गुडघ्यापर्यंत चिखल.

दीदींनी तो व्हिडिओ तिवारीजींच्याच कॉम्प्युटरवर तीनदा लावला. भैयाजी येऊन मागे उभे राहिले.

"उनको तो सरकार सस्ता पैसा देती है, दीदी. हम कैसे टिकेंगे?"

"देती होगी, भैयाजी. पर पहाड़ तो सबके लिए फ्री था."

भैयाजी म्हणाले, "चलो, अगली बार देखेंगे." आणि अगली बारचा विषय तिथंच संपला.

दीदींना चिनी लोकांचं कौतुक होतं असं कुणी समजू नये. तो एजंट हेही सांगायचा की तिथल्या स्थानिक मजुरांना ते फार राबवतात, पगारावरून भांडणं होतात. दीदी म्हणायच्या, "मजुराला छळून राहिले असतील तर ते पापच आहे, त्यात काय शिकायचं? पण पायानं चालणं तर पाप नाही ना? तेवढं शिका की, बाप्पा!"

पुढच्या वर्षी त्याच देशातल्या दुसऱ्या रस्त्याचं टेंडर निघालं. या वेळी दीदींनी कुणाला काही विचारलं नाही. पंधरा दिवसांची रजा टाकली. गढ्यात शेजाऱ्यांना सांगितलं, ओंकारेश्वरला जाते. मला एकटीलाच खरं सांगितलं. "स्वतःच्या पैशानं जाऊन राहिली मी, वैशाली. कोणाच्या बापाचं काय जाते?" वय सत्तावन्न. याआधी बाई नेपाळच्या पलीकडे गेलेली नव्हती. मी त्यांना मेथीचे ठेपले आणि दोन किलो चिवडा बांधून दिला. आणखी काय करणार होते मी!

सहा दिवस त्या चालल्या. एजंटाची गाडी मागून हळूहळू येत होती. चौथ्या दिवशी वाटेत त्यांना चिनी तुकडी भेटली, तिच्यातही एक टोपीवाली बाई. तीच की दुसरी, देव जाणे. नंतर हे सांगताना दीदींचे डोळे लहान मुलीसारखे चमकायचे. "तिनं मला पाणी दिलं, मी तिला चिवडा दिला. दोघीही झाडाखाली बसलो. दगड कुठं आहे ते मात्र तिनंही नाही सांगितलं, मीही नाही."

बुधवारी सकाळी त्या स्टेशनवरून थेट ऑफिसात आल्या. पायांना फोड, नाकाची सालं निघालेली, हातात एकतीस पानांचा हस्तलिखित अहवाल. कुठल्या किलोमीटरला दलदल आहे, कुठला ओढा उन्हाळ्यात आटतो, हे सगळं त्यात होतं. चांगला दगड रस्त्यापासून नऊ किलोमीटरवर सापडला होता. आमच्या हिशोबात पुन्हा लांबचाच धरलेला. टेंडरची मुदत शुक्रवारी संध्याकाळी पाचपर्यंत होती.

पण टेंडर आम्ही मंगळवारीच भरून मोकळे झालो होतो. बुधवारपासून पितृपक्ष लागत होता ना! पंडितजींनी मंगळवारचा दहा चाळीसचा मुहूर्त दिला आणि बटण मीच दाबलं होतं. दीदी बुधवारी पोचतील हे मला ठाऊक होतं, दोन दिवस थांबा असं मी म्हणालेही होते. माझं कोण ऐकतो!

तरी सगळं संपलं नव्हतं. भरलेला भाव शुक्रवारपर्यंत बदलता येत होता. ते पान मी उघडून भैयाजींना दाखवलं. दीदी शेजारी उभ्या होत्या, पाठीवरची पिशवीसुद्धा उतरवली नव्हती.

भैयाजींनी खरोखर हात जोडले. "दीदी, आपने इतना कष्ट उठाया, मैं मानता हूँ. लेकिन चढ़ाया हुआ भोग वापस नहीं उठाते. और पितरों के दिनों में तो बिल्कुल नहीं."

"तीन दिन बाकी हैं, भैयाजी."

"अगली बार, दीदी."

दीदींनी अहवाल भैयाजींच्या टेबलावर ठेवला आणि जागेवर येऊन बसल्या. मी पाणी दिलं.

आम्ही हरलो. जिंकली पुन्हा चिनी कंपनी. निकालाच्या मीटिंगमध्ये तिवारीजींनी सांगितलं, त्यांचं सरकार त्यांना पैसा देतं. सगळ्यांनी माना डोलावल्या. मी त्या दिवशी घरी येऊन इतकी भांडी आपटली की ह्यांनी विचारलं, कुणाशी भांडलीस? कुणाशीच नाही, तेच तर दुःख आहे, असं म्हणून मी आणखी दोन पातेली आपटली.

दीदी निवृत्त झाल्या तेव्हा शाल, श्रीफळ, समोसे, सगळं रीतसर झालं. भैयाजींनी भाषण केलं. म्हणाले, हमारी कंपनी ने अपनी लेडी इंजीनियर को अफ्रीका की साइट पर भेजा, ऐसी दूसरी कंपनी पूरे शहर में नहीं मिलेगी. भेजा! मी दीदींकडे पाहिलं. त्यांना चार शब्द बोलायला सांगितलं तेव्हा त्या उठून म्हणाल्या, "मैं छुट्टी लेकर गई थी," आणि बसल्या. लोकांनी त्यालाही टाळ्या वाजवल्या.

पुढच्या उन्हाळ्यात आणखी एक टेंडर आलं. देश दुसरा, रस्ता एकशे चाळीस किलोमीटरचा. मुदतीला सोळा दिवस होते, पण मुहूर्त दुसऱ्याच दिवशीचा, दुपारी बारा वीसचा निघाला होता. कागद लावता लावता जागा पाहिल्याचा दाखला माझ्या हातात आला. "मी, सुनंदा बर्डे, मटेरियल इंजिनिअर, हा रस्ता प्रत्यक्ष पाहिला आहे." खाली त्यांची सही. ती सही मी ओळखली. त्या एकतीस पानांच्या अहवालाच्या शेवटच्या पानावरून स्कॅन करून उचललेली. बाईनं पायाचे तुकडे करून लिहिलेल्या त्या अहवालातलं कंपनीनं वापरलं ते एवढंच.

मी जिन्यात जाऊन फोन लावला. दीदींनी ऐकून घेतलं आणि विचारलं, "उद्या किती वाजता उघडते ऑफिस?"

दुसऱ्या दिवशी अकराला त्या आल्या. आता त्या बाहेरच्या, म्हणून गेटवरच्या गार्डनं मान खाली घालून रजिस्टर पुढे केलं. "दीदी, नियम है." त्यांनी ते भरलं, वर आल्या आणि मला घेऊन केबिनमध्ये शिरल्या. दाखला शांतपणे वाचला.

"एक सौ चालीस किलोमीटर. पंद्रह दिन हैं. टिकट मैं ख़ुद निकालूँगी, भैयाजी. चलके आती हूँ, फिर साइन करती हूँ."

साठीची बाई! पुन्हा जायला निघाली होती! पदर खोचून उभी होती. मला वाटलं, या वेळी तरी ते हो म्हणतील. न म्हणायला कारणच काय होतं?

भैयाजी मनापासून हसले. "अब आराम कीजिए, दीदी. ये तो फ़ॉर्मैलिटी है. आपका नाम रहेगा तो हमें अच्छा लगेगा."

दीदींनी टेबलावरचं पेन उचललं आणि आपल्या नावावर एक रेघ मारली, सहीवर दुसरी. रागानं खसाखसा नाही, पट्टीनं मारावी तशी सरळ. मग मला म्हणाल्या, "कॉम्प्युटरमध्ये जी आहे ती पण काढ. माझ्यासमोर." मी बाहेर येऊन ती काढली. त्या मागे उभं राहून पाहत होत्या.

तेवढ्यात प्रिंटरमधून नवा दाखला बाहेर आला. त्यावर तिवारीजींचं नाव. दहा मिनिटंसुद्धा लागली नव्हती. दीदींनी तो वाचला.

"आप गए थे, तिवारीजी?"

भैयाजी दारात येऊन घड्याळ बघत होते.

"वो लोग इस वक़्त वहाँ चल रहे होंगे, भैयाजी," दीदी म्हणाल्या. आवाज जरासुद्धा चढलेला नव्हता. मग माझ्या दंडाला हात लावला आणि जिना उतरून गेल्या. त्यानंतर मला त्या दिसल्या नाहीत. आता भावाकडे बैतूलला असतात म्हणे.

बारा वीसला टेंडर अपलोड झालं. बटण मीच दाबलं. चार महिन्यांनी मी ती नोकरी सोडली, पण त्या दिवशी दाबलं ते मीच, आणि भैयाजींच्या वागण्यापेक्षा त्याचीच चीड मला जास्त येते.

संध्याकाळी घरी निघताना गेटवर रजिस्टर उघडंच पडलं होतं. नाव, सुनंदा बर्डे. येण्याची वेळ, अकरा. भेटण्याचं कारण या रकान्यात बाकी सगळ्यांनी 'काम' किंवा 'मीटिंग' लिहिलं होतं. दीदींनी लिहिलं होतं, "अपने दस्तख़त वापस लेने."